खांबापाशी उभी केलेली विहीण

जपानात आमची विहीण हरवली, ही गोष्ट आमच्या भावकीत सगळ्यांना पाठ आहे. हळदीला, बारशाला, साखरपुड्याला – दोन घास पोटात गेले की कोणीतरी म्हणतंच, "काकी, ती जपानची सांग ना." आणि मी सांगते. हातवारे करते, विहिणीचा आवाज काढते, जपानी पोलिसासारखी कमरेत वाकून दाखवते. पोरी हसून हसून खुर्च्यांवरून पडायच्या बाकी राहतात.

ती गोष्ट खोटी आहे. खरी मी अजून कोणाला सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही. देवीसमोरसुद्धा नाही – तिला ठाऊक असेल तर सांगायचं कशाला, आणि नसेल तर उगाच कशाला कळवा? बघा, अजून फाजीलपणा जात नाही. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगते. फक्त मध्येच "अहो, होतं असं माणसाकडून" म्हणू नका. असं आपोआप होत नाही. करावं लागतं.

नऊ वर्षांपूर्वीची ती बाई आधी नीट बघून घ्या. वय सत्तावन्न, राहणार भिवंडीजवळचं काल्हेर. सासऱ्यांच्या भातखाचरांवर गोदामं उभी राहिलेली, दारात गाडी, मुलगा टोकियोत कॉम्प्युटरच्या नोकरीला. केसांना कलप, अंगात पंजाबी ड्रेस, पायात पांढरे बूट. बूट एक नंबर लहान होते, पण दुकानदार 'मॅडम' म्हणाला म्हणून घेतले. अशी ती मॅडम. आज मला रस्त्यात भेटली ना, तर तिच्या दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधून मी बाजूला उभी राहीन.

आणि विहीण, यमुनाबाई. माझ्या सुनेची आई. वज्रेश्वरीच्या पलीकडच्या गावात राहणारी, स्वतःचं थोडं भात लावून उरलेले दिवस दुसऱ्याच्या वाडीत मजुरीला जाणारी. नऊवारी लुगडं, त्यावर जावयानं दिलेलं जाकीट, पायमोज्यांवर चप्पल. लिहिता-वाचता येत नाही. तिची मनीषा शिकली, हुशार निघाली, माझ्या नीलेशला आवडली. मी नाक मुरडलं आणि लग्न लावून दिलं.

पहिलं बाळंतपण माहेरचं. मनीषाला इतक्या लांबून माहेरी येणं जमेना, तर नीलेशनं माहेरच विमानात बसवून नेलं. मग ती जाते तर मी का नाही? गेले मीही.

त्या घरापेक्षा आमचा काल्हेरचा ओटा मोठा असेल. त्यात एक पोटुशी, एक तिचा नवरा, एक शेगडी आणि दोन विहिणी. भाजीत मीठ कोणी घालायचं यावरून आठवडाभरात आम्ही बोलेनाशा झालो. मनीषा दुपारी आडवी झाली की म्हणायची, "तुम्ही दोघी जरा फिरून या ना." म्हणजे काय, ते कळत होतं आम्हाला.

पंधरा मिनिटं चाललं की स्टेशन – इकेबुकुरो. हे नाव जिभेवर बसायलाच मला आठवडा लागला. स्टेशन कसलं, जमिनीखाली वसलेलं एक गावच ते. पूर्वेच्या दाराशी पश्चिमेचं नाव लावलेलं मोठं दुकान आणि पश्चिमेच्या दाराशी पूर्वेचं. माणसं अशी चालतात की सगळ्यांच्या घरी दूध उतू चाललंय. आत एक दगडी घुबड बसवलंय, लोक एकमेकांची वाट बघत त्याच्यापाशी थांबतात. नीलेशनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "चुकलात तर घुबडापाशी थांबा. मी आधी तिथंच येईन."

घुबड बघून विहिणीनं तोंडावर पदर घेतला. "ह्याच्यापाशी? बाय माझे! मी न्हाय थांबायची. त्या समोरच्या खांबापाशी थांबंन."

तर आम्ही त्या स्टेशनाच्या तिन्ही अंगांना हिंडलो. पूर्व माझी. तिथं सिग्नल पडला की हजारभर माणसं समोरासमोर सुटतात आणि कोणाचा खांदा कोणाला लागत नाही. आणून सोडा म्हणावं आमच्या मानकोली नाक्यावर, दोन दिवसांत धक्के मारायला शिकतील. भिंतीएवढे टीव्ही, झालरीचे झगे घालून बाहुल्या झालेल्या पोरी, काचेच्या पेटीतून चिमट्यानं खेळणी उचलायची दुकानं – मला सगळं आवडायचं. मी पाट्या वाचायची. म्हणजे वाचल्यासारखं करायची. मान तिरकी, डोळे बारीक, "हं, इकडून." विहिणीला काय कळतंय?

पश्चिमेला बारक्या गल्ल्या. चिन्यांची भाजी, भिंतीला लागून दहा माणसं बसतील अशी खानावळ, आणि एका जिन्याखाली हळद-मिरची विकणारा नेपाळी. तिथं मी माझी भिवंडीची हिंदी काढली. "भाई, वो मेथीदाना अच्छावाला देना, पिछली बार उसमें कंकर था." तो म्हणाला, "जी आंटी." आणि विहिणीच्या पाया पडला! "माताजी, मेरी नानी ऐसेच बैठती है." वर आल्याचा एक तुकडा तिच्या हातात ठेवला. मला आंटी, तिला माताजी.

दक्षिण तिनं शोधली. मी फोनमधला नकाशा उलटासुलटा करत होते आणि ती चालत सुटली. एकाच डब्याची बुटकी आगगाडी घरांच्या मधून जाते, रूळ ओलांडले की गल्लीत दारादारापुढे कुंड्या. बघितलं तर पुढे जुनाट झाडांची सावली आणि लेकराबाळांच्या देवीचं देऊळ. तिथल्या बाया पोटुशी लेक घेऊन आल्या होत्या. विहीण हात जोडून उभी राहिली. "आपली सटवाईच की वो ही. हितं येऊन बसलेय." परतताना मी दोनदा चुकले, ती एकदाही नाही. "निळी कुंडी, मंग लंगडं मांजर, मंग आपला रस्ता." हसत सांगायची. माझा कसा जळफळाट व्हायचा, काय सांगू? फोनवाली मी, वाचणारी मी – आणि रस्ता तिला सापडायचा!

फक्त स्टेशनाच्या पोटात ती माझी होती. तिथं कुंडी नाही, मांजर नाही. आत शिरताना माझ्या ओढणीचं टोक ती मुठीत धरायची. घट्ट. शेळी बांधल्यासारखी मी पुढे. लोक बघायचे – बघत नसतील, मला वाटायचं बघतात. मला लाज वाटायची तिची. ह्यात तरी कबुली कसली, असं वाटेल तुम्हाला. थांबा, येते तिथं. पाय ओढतेय, मलाही कळतंय.

मुलगी झाली. त्या लोकांची मोरी मात्र झकास. फरशीवर बुटकं स्टूल, विहिणीसाठीच केल्यासारखं. ती पाय लांब करून बसायची, पायांवर नात पालथी, गुडघ्यापासून पाणी सोडायची – पोर हूं की चूं करत नसे. मी घेतली की घर डोक्यावर. एकदा ती आपली सहज म्हणाली, "तुमचे हात गार हाईत, विहीणबाय. जरा चोळून घ्या." तिच्या मनात काही नव्हतं. नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण मी रात्रभर हात चोळत पडले होते, आणि ऊब यावी म्हणून नव्हे.

बारशानंतर चार-सहा दिवसांनी भिंतीआडून मनीषाचा आवाज ऐकला. "घर लहान आहे रे. बाळ माझ्या आईकडेच शांत राहतं. तुझ्या आईंना आधी पाठवू या, माझी आई अजून महिनाभर राहू दे." नीलेश म्हणाला, "बघू." नाही म्हणाला नाही हो तो. बघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मीच म्हणाले, "चला विहीणबाय, पाय मोकळे करून येऊ."

घुबडासमोरच्या खांबापाशी थांबले. म्हणाले, "मी पुढचं दार उघडं आहे का बघून येते. इथून हलू नका." ती ओढणी सोडेना. "मी येते की संगं." मी तिची मूठ उघडली. एकेक बोट उचलून उघडली. काम केलेली बोटं ती, जड होती. "हलू नका हां," पुन्हा म्हणाले, आणि गेले.

हसता हसता सांगायची ती गोष्ट इथून सुरू होते – म्हातारी गर्दीत निसटली, देवळाकडे पळाली, वगैरे. आता खरी ऐका.

मी पूर्वेला गेले. आइस्क्रीम खाल्लं. सरकत्या जिन्यानं दोनदा वर गेले, दोनदा खाली आले. तासाभरानं परतले आणि लांबून पाहिलं. ती होती तिथंच. माझा बेत काय होता? ती रडत असेल, भांबावली असेल, मला बघून गळ्यात पडेल, आणि घरी जाऊन मी सांगेन – हिला स्टेशनात दोन मिनिटं सोडता येत नाही, हिच्याकडे पोर काय सोडता? पण ती रडत नव्हती. एक म्हातारी जपानीण, झाडू मारणारी, तिला घडीचं स्टूल देत होती. ती हात जोडून नको म्हणत होती. दोघी एकमेकींना वाकत होत्या आणि हसत होत्या. त्या एवढ्या गर्दीत, एका शब्दाची भाषा नसताना, तिला मैत्रीण मिळाली होती!

तिला घ्यायला आले होते मी. खरंच आले होते? वळले आणि एकटी घरी गेले.

दारातच रडायला सुरुवात केली. सोंग मला छान जमतं. "सांगत होते हात सोडू नका. सोडला. ऐकतात कुठं? त्या देवळाकडेच गेल्या असतील." नीलेश घरीच होता त्या दिवशी. चप्पल पायात सरकवत म्हणाला, "आधी घुबडापाशी बघतो."

"तिथं नाहीत," मी म्हणाले. "मी बघून आले."

तो दक्षिणेला धावला. देवळात, रुळांवर, कुंड्यांच्या प्रत्येक गल्लीत तो आणि त्याचा मित्र हाका मारत फिरले. पोलीस चौकीत गेले. मनीषा, ओली बाळंतीण, थंडीत दार उघडं टाकून उंबऱ्यात उभी. मी एक शब्द बोलले असते तर वीस मिनिटांत ती घरी आली असती. बोलले नाही. आता बोलले तर आधीचं उघडं पडेल, एवढाच विचार. तीन तास तोच विचार.

संध्याकाळी स्टेशनच्या लोकांचा निरोप पोलिसांकडे आला. त्यांनी तिला ऑफिसात न्यायचा प्रयत्न केला होता, ती खांब सोडेना. नीलेश पोचला तेव्हा म्हणाली, "विहीणबायनं हितंच रावायला सांगतलंय. त्या आल्या न मी न्हाय, तर घाबरतील." चार तास उभी होती. पाणी प्यायली नाही – मग जायची वेळ आली तर मोरी कुठं आहे, विचारणार कोणाला?

हे वाक्य नीलेशनं मला सांगितलं तेव्हा त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "डोकं फिरलंय बिचारीचं. असं कधी म्हणाले मी? मी बघितलं तेव्हा नव्हत्या तिथं." त्यानं मान खाली घातली. त्याला आईवर विश्वास ठेवायचा होता. ठेवला.

ती घरी आली. पाय सुजून चप्पल निघेना. मनीषानं चप्पल ओढून काढली आणि ओरडली, "आई, उद्या बाळाला घेऊन अशी कुठं निघून गेलीस तर?"

यमुनाबाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, नीट बघितलं, बाजारात भात हातात घेऊन बघतात तसं. मग लेकीला म्हणाली, "लई गर्दी व्हती गं. माजाच हात सुटला."

तिला सगळं कळलं होतं. लेक माझ्या घरात नांदायची होती, हेही.

आठ दिवसांत ओळखीच्या कुटुंबाबरोबर तिला परत पाठवलं. मी अडीच महिने राहिले. मनीषाच्या दुसऱ्या खेपेला कोणाला बोलवायचं हा प्रश्नच निघाला नाही. हरवणारी आजी ती, सांभाळणारी मी. नाती तिच्या घरी राहायला जात नाहीत, उभ्या उभ्या जाऊन येतात. माझ्या गोष्टीनं एवढं काम चोख केलं.

गेल्या हिवाळ्यात मानकोलीला पुतण्याची हळद होती. नीलेश सगळ्यांना घेऊन आला होता. यमुनाबाईही आली होती, मागच्या रांगेत बसली होती. डीजे जरा थांबला आणि कोणीतरी म्हणालं, "काकी, जपान!" मी सांगितली. तिच्या समोर सांगितली, तिचाच आवाज काढून. ती पदर तोंडाला लावून हसत होती, सगळ्यांसारखी.

मोठी नात आता नऊ वर्षांची आहे. तिनं मध्येच विचारलं, "आजी, पण बाबा शोधत होते तेव्हा तू कुठं होतीस? तू नाही गेलीस शोधायला?"

मागून यमुनाबाई म्हणाली, "गेलत्या की! लई हिंडल्या त्या माज्यापाई."

मी नव्हते गेले. मी घरी होते. पाणी ऊन करून घेतलं, मोरीत त्या बुटक्या स्टुलावर पाय लांब करून बसले आणि बाळाला पायांवर घेतलं. ती रडली नाही. बाहेर मनीषा आईच्या नावानं रडत होती, आणि मी आत सावकाश, गुडघ्यापासून पाणी सोडत होते, आणि मला फार बरं वाटत होतं.