रतनची जागा

मढचे अनंत कोळी बाहत्तरीला आले, तरी समुद्रातली एक जागा त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. चर्चचा क्रूस आणि बंगल्यामागचा उंच ताड एका ओळीत आले की एक रेघ. देवळाचा कळस टेकडीच्या खाचेत बसला की दुसरी. दोन रेघा जिथं भेटतील, ती जागा. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचा धाकटा भाऊ रतन तिथं बुडाला, त्यांच्या डोळ्यांदेखत. दर नारळी पौर्णिमेला अनंत एकटेच होडी काढून तिथं नारळ सोडत. खुणा सांगायच्या त्या होडीत, किनाऱ्यावर तोंडातून काढायच्या नाहीत, ही वडिलांची शिस्त. मुलगा नंदकुमार होडी चालवायचा खरा, पण जीपीएस यंत्रातल्या आकड्यांवर. त्यानं कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.

आणि मग तो ताडच गेला. शूटिंगला बंगला भाड्यानं देणाऱ्या मालकाला तो चित्रात नको होता म्हणे. पन्नास वर्षांची खूण एका दुपारी आडवी झाली! आता एकच रेघ उरली, आणि एका रेघेवर माणूस कुठवर जाणार? दोन वर्षं अनंतांनी अंदाजानं नारळ सोडला. घरी आल्यावर जेवण गोड लागेना.

यंदा आषाढात नात तेजल आलेख वही घेऊन पडवीत बसली होती. नववीचा गृहपाठ, अक्षांवर बिंदू मांडायचे. ती रेघा मारताना अनंत बघत राहिले. रेघेवर रेघ आली, तिथं पोरीनं ठिपका दिला. म्हाताऱ्याला राहवलं नाही. वडिलांची माफी मागून त्यांनी किनाऱ्यावरच सगळं सांगून टाकलं.

तेजलनं मोबाइलवरचा नकाशा झेरॉक्सवाल्याकडून मोठा छापून आणला. त्यावर चौकटी आखल्या, बंदराच्या धक्क्यावर शून्य घेतलं, किनाऱ्याची रेघ आडवी, समुद्र उभा. ताड बंगल्याच्या विहिरीपासून दक्षिणेला सात पावलांवर होता, ते अनंतांना पक्कं ठाऊक. विहीर नकाशात दिसत होती. पट्टी धरून दोघांनी रेघा ओढल्या. अनंतांनी चौकटी मोजल्या.

"अठरा, चार."

तेजलनं वहीत ठिपका दिला. अनंत खो खो हसले.

"अगो बाय, तिथं ओहोटीला गुडघाभर पाणी. पोरं खेकडे धरतात. तिथं रतन बुडेल काय?"

"आजोबा, आधी आडवं सांगायचं असतं ना! तुम्ही उभं सांगितलं."

"आम्ही आधी आत जातो, मग बाजूला सरकतो. होडी काय किनाऱ्यावरून चालते?"

हसता हसता त्यांचे डोळे भरले. तेजलनं खोडून नीट मांडलं: चार, अठरा.

पौर्णिमेला तेजलही होडीत होती. वहीतल्या आकड्यांप्रमाणे धक्क्यापासून अंतर मोजत येऊन नंदकुमारनं इंजिन मंद केलं. "बाबा, इथंच." अनंतांनी मागे पाहिलं. कळस खाचेत बसला होता. क्रूस मात्र एकटाच. गेल्या वर्षीची जागा इथून अर्धा मैल तरी दूर होती.

नारळ हातात धरून ते होडीच्या कडेला सरकले. मग वाकून म्हणाले, "रतन, दोन वर्सं तू वाट बघितलीस, आणि मी दुसरीकडंच हाका मारत होतो रे."