शेवटची तर

घोड्यांवरचे इंग्रजी सिनेमे माझ्या मामेसासऱ्यांइतकं मन लावून पाहिलेला माणूस खुद्द अमेरिकेतही सापडणार नाही, आणि त्यातल्या एकाचाही शेवट न पाहिलेला माणूस तर पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. मामा म्हणजे बायकोचे सख्खे मामा, मनोरीचे कोळी. इंग्रजीतले त्यांना दोनच शब्द येत, ‘यस’ आणि ‘हँड्सप’. तेवढ्या भांडवलावर त्यांनी तरुणपणी मालाडच्या थिएटरात आलेला एकही घोड्यांचा पिक्चर सोडला नव्हता. मी बोरिवलीचा, फिल्म सोसायटीचा सभासद, पेपरातली परीक्षणं कापून ठेवणारा. मित्रांमध्ये सिनेमातला जाणकार म्हणून मला थोडाफार मानही होता. लग्नानंतर मामांच्या तोंडून पहिला पिक्चर ऐकला आणि ती सगळी कात्रणं मी मुकाट्यानं रद्दीत घातली.

तो पिक्चर मी मनोरीच्या किनाऱ्यावर ऐकला. मामा आणि त्यांचे दोन-तीन सोबती जाळं सांधत बसले होते, मी नवा जावई म्हणून मला एका उलट्या होडीची सावली दिली होती. मामा सांगत होते. गाव ओसाड, रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्या धडाधड बंद होतायत, हिरो मधोमध एकटा आणि समोरून तिघं चालत येतायत. समोर समुद्र असूनही माझ्या घशाला कोरड पडली. मामांचे हात थांबले. “हिरोनं बंदुकीत गोळ्या भरल्या,” ते म्हणाले, “तर...” आणि गप्प. मी पुढं सरकलो. आमच्या मराठीत ‘तर’च्या पुढं काहीतरी येतं. शेवटी न राहवून मी विचारलं, “तर काय झालं, मामा?” सगळा किनारा खदाखदा हसला. शेजारच्या म्हाताऱ्यानं डोळे पुसत माझी समजूत घातली, “जावय, तर म्हंजे होडी. मार्व्याची. शेवटची तर सुटायची वेळ झाली, म्हनून हा उठला. म्होरं कुनाला म्हाईत?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “पन वहिनीला, तुमच्या मामीला, बोलू नका हां.”

भानगड अशी होती. मामी खाडीपलीकडे मालाडच्या बाजारात सुके बोंबील विकायला बसायची आणि मामा टोपल्या वाहायचे. धंदा आटोपला की मामी लवकरच्या तरीनं घरी जायची आणि मामा संध्याकाळच्या खेळाला. तो खेळ संपेपर्यंत बसलं तर शेवटची तर चुकायची, आणि मग मार्व्याच्या धक्क्यावर डासांच्या हवाली. त्यामुळे पडद्यावर बंदुका बाहेर आल्या की मामा उठायचे आणि पडद्याकडे तोंड ठेवून उलटे चालत दारापर्यंत जायचे. डोअरकीपरला हे इतकं सवयीचं झालं होतं, की मामा उठले म्हणजे आता गोळीबार होणार असं तो बाकीच्यांना सांगायचा. इकडे मामी कालवण गरम करून वाट बघत असायची. ताटावर बसवलं की पहिला प्रश्न, “मंग? काय झालं शेवटाला?” पिक्चर अर्धवट टाकून आलो असं कुठला नवरा सांगेल? मामा खाडी ओलांडता ओलांडता शेवट तयार करायचे. सगळ्या मनोरीला हे ठाऊक होतं, फक्त मामीला नव्हतं.

आणि काय शेवट असायचे ते! मामांच्या पिक्चरमध्ये कधीच कुणी मेलं नाही. एकदा ऐन वेळी व्हिलनच्या पायात गोळा आला. एकदा हिरोची आणि व्हिलनची आई एकाच गावची निघाली. विधवा बाईची चोरलेली गाय तर हमखास परत यायची, वर वासरू घेऊन. आणि प्रत्येक पिक्चरच्या शेवटी हिरो घरी पोचायचा, हातपाय धुवायचा आणि जेवायला बसायचा. तो जे जेवायचा ते त्या दिवशी मामीनं रांधलेलं असायचं. अमेरिकेतले झाडून सगळे घोडेस्वार बोंबलाचं कालवण ओरपतात, अशी मनोरीत दोन पिढ्यांची पक्की समजूत आहे.

पुढं व्हिडिओ आला. बोरिवलीत आमच्या बिल्डिंगखालीच व्हिडिओची लायब्ररी निघाली आणि मामांच्या आमच्याकडच्या रविवारच्या फेऱ्या वाढल्या. पिक्चरचं नाव त्यांना कधीच ठाऊक नसे. लायब्ररीवाला गुजराती शेठ विचारायचा, “काका, नाम तो बोलो.” मामा म्हणायचे, “तो रे, वारा लई हाय तो. न्हावी घाबरतो बघ.” शेठ क्षणभर डोळे मिटायचा आणि फळीवरून बरोबर ती कॅसेट काढायचा. मी नाव, साल, दिग्दर्शक सगळं सांगूनही मला तो कायम भलतीच कॅसेट द्यायचा.

मामांचं परीक्षण घोड्यापासून सुरू व्हायचं आणि बऱ्याचदा तिथंच संपायचं. आमच्याकडे एकदा एक नामांकित पिक्चर लावला. हिरोनं भर उन्हात घोडा खांबाला बांधला आणि स्वतः आत जाऊन ग्लास तोंडाला लावला. मामांनी हातातला चहा खाली ठेवला. “आधी घोड्याला पानी दे की रे, भाड्या!” हिरोला ऐकू जाण्याचं काही कारण नव्हतं. मामांनीही हट्ट सोडला नाही. चहावर साय धरली, हिरोनं दोन माणसं लोळवली, एक मुलगी पटवली, पण घोडा तहानलेला तो तहानलेलाच. “झकास पिक्चर हाय,” शेवटी मामा म्हणाले, “पन मानूस बरा नाय.” जगभर ज्या हिरोवर लोक जीव टाकत होते, त्याच्याविषयी माझं मत त्या दिवशी जे पडलं ते पुन्हा वर आलं नाही. या सगळ्या मारामारीचं मूळही त्यांनी शोधून काढलं होतं. “बगा जावय, यांच्याकडं समुद्र नाय. मासळी नाय. दिवसरात शेंगा खायच्या. डोकं तापनार नाय तर काय होनार?” एवढी पुस्तकं वाचली, पण अमेरिकेबद्दल इतकं पटणारं मला कुणी सांगितलं नाही.

मात्र घरी व्हिडिओ असूनही बंदुका बाहेर आल्या की मामा उठायचेच. “चला, तर लागली आसंल.” आम्ही त्यांना दुपारीच पिक्चर लावून द्यायचो, होडीला भरपूर अवकाश असायचा, तरी ते चपला घालायचे. आम्ही हसायचो आणि जाऊ द्यायचो.

मग मामी आजारी पडली. ती गेली त्यानंतरच्या एका रविवारी मामा आले ते बसलेच नाहीत. दारातच म्हणाले, “लंगड्याचा पिक्चर आनाल काय?” तो त्यांचा सगळ्यांत लाडका. एक लंगडा शेतकरी बायकोला ‘येतो परत’ असं सांगून गुंडांशी लढायला जातो. तरुणपणी मामांनी तो पुन्हापुन्हा पाहिला होता आणि मामीनं तो पुन्हापुन्हा ऐकला होता. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तिनं तोच पिक्चर सांगायला लावला. “सगला सांगितला,” मामा म्हणाले. “मंग मला बोलली, ‘खरंच पोचला ना वो तो घरी?’ आसं कधी इचारलं नव्हतं तिनं. मी बोललो, पोचला.” त्यांनी टोपी काढली. “आता एकदा बघायचा हाय. तिला जाताना खोटं सांगितलं का, त्ये कळाया पायजे.”

तो पिक्चर मी पाहिला होता. लंगडा मरतो. कॅसेट मिळाली नाही असं सांगावं असं फार वाटलं, पण मामांच्या तोंडाकडे बघून ते जमेना. शेठनं कॅसेट दिली. बायकोनं पडदे ओढले आणि मी व्हिडिओ लावला. घोड्याकडेसुद्धा मामांचं लक्ष नव्हतं. रस्ता ओसाड झाला, खिडक्या बंद झाल्या, लंगड्यानं बंदुकीत गोळ्या भरल्या आणि मामा उठले, पाय सवयीनं चपला शोधू लागले. बायको हळूच म्हणाली, “मामा, आज आमच्याकडेच राहा. तर नाही पकडायची.” मामा परत बसले. दोन्ही हातांनी खुर्ची धरून, होडी कलल्यावर माणूस बसतो तसे.

गोळ्या सुटल्या. गुंड पडले, आणि मग लंगडाही पडला. धूळ बसली. त्याचा घोडा थोडा वेळ त्याच्यापाशी उभा राहिला आणि मग रिकाम्या खोगिरानं शेताच्या वाटेला लागला. त्यावर इंग्रजी अक्षरं आली आणि पडदा काळा झाला. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मला मामांकडे बघवेना.

“बंद झाला?” मामांनी विचारलं.

“हो मामा. संपला.”

“संपला कुटं?” मामा चक्क चिडले होते. “घोडा घरी चाललाय, दिसला नाय तुमाला? रिकामा घोडा बघितला की बायको धावत येनार. त्याला उचलनार, पानी पाजनार. खांद्यालाच लागलीय गोली.” मग त्यांनी काळ्या पडद्याकडे जरा दयेनंच पाहिलं. “ज्यांनी पिक्चर काढला ना जावय, त्यांची पन शेवटची तर आसंल. उटले बिचारे. म्होरलं त्यांना काय म्हाईत?”

मी आयुष्यात पुष्कळ परीक्षणं वाचली. याच्यापुढं हात जोडावेत असं दुसरं मला सापडलेलं नाही. मामा त्या दिवशी आमच्याकडे पोटभर जेवले आणि गाढ झोपले.

दोन पावसाळ्यांनंतर मामाही गेले. दिवसकार्याला आम्ही मनोरीला होतो. संध्याकाळी अंगणात सगळे बसले होते आणि जाळं सांधणाऱ्या त्याच म्हाताऱ्यानं लंगड्याचा पिक्चर सांगायला घेतला, अगदी मामांसारखा, मामांच्याच जागांवर थांबत. तो सांगताना मामा तिथंच कुठंतरी बसलेत असं वाटत होतं, आणि आता रडू येणार हे मला कळत होतं. लंगड्यानं बंदुकीत गोळ्या भरल्या तेवढ्यात धक्क्याकडून हाक आली, “तर लागली!” शेवटचीच होती. आम्ही चपला घातल्या. अंगणाच्या बाहेर पडेपर्यंत मी उलटा चालत होतो.

खाडीच्या मध्यावर बायकोनं विचारलं, “काय सांगितलं असेल रे त्या आजोबांनी पुढं?”

“पोचला घरी,” मी म्हणालो. “हातपाय धुतले आणि जेवायला बसला.”

“काय जेवला?”

“बोंबलाचं कालवण,” मी म्हणालो, आणि दोघंही मार्व्याचा धक्का येईपर्यंत पाण्याकडे बघत बसलो.