जुन्या इंजिनाला पातळ चालत नाही

नंदाचा, म्हणजे माझ्या भावजयीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. "ताई, हे गाडीपाशी पडलेत... उठत नाहीयेत," एवढंच ती बोलली. कात्रजहून हडपसरला पोचायला रिक्षाला जो वेळ लागला, तो कुठल्या शत्रूच्याही वाट्याला येऊ नये. मी पोचले तोवर सगळं संपलं होतं. पार्किंगमध्ये सुधीरची मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. इंजिनाखालचा बोल्ट काढलेला, खाली घमेल्यात काळंकुट्ट जुनं तेल आणि शेजारी नव्या तेलाचा न उघडलेला डबा. माझा धाकटा भाऊ गाडीचं तेल बदलता बदलता गेला. तिसऱ्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी भेटायला आले. हळहळून झाल्यावर म्हणाले, "ते खाली तेल सांडलंय, तेवढं जरा पुसून घेता का? लोकांचे पाय घसरतात." मी म्हटलं, "घेतो ना आम्ही. आधी माणूस उचलला, आता तेल उचलतो." ते पुन्हा आले नाहीत.

या गोष्टीला आता दीड महिना झाला. राग हळूहळू ओसरतो असं मला सगळे सांगतात. माझा वाढतोच आहे. अशा लेखात गोड आठवणी लिहायच्या असतात हे मला ठाऊक आहे, आणि आहेत तशाही. सुधीर विमा कंपनीत चिकटला तेव्हा त्याने ही गाडी घेतली. माझ्या शाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला त्यानेच मला मागे बसवून नेलं होतं, आणि वाटेत मी काय उत्तरं द्यायची हे मलाच शिकवलं होतं. मी शिक्षिका झाले, निवृत्तही झाले. गाडी चालूच राहिली, आणि ती चालू राहण्याचं सगळं श्रेय तो तेलाला द्यायचा. जुन्या इंजिनात घासून घासून फटी वाढलेल्या असतात. तिथे नव्या गाड्यांचं पातळ तेल घातलं की ते ठरत नाही, सांध्यांतून गळतं, जळतं, मागून निळा धूर निघतो. म्हणून दाट तेल घालायचं, वीस-डब्ल्यू-पन्नास. तेही मोटरसायकलचंच, कारचं नाही, कारण मोटरसायकलचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि कारच्या तेलात तो घसरतो. हे मला पाठ आहे याचं कारण, हे त्याने बारशात, मुंजीत, कुठे कुठे ऐकवलेलं आहे. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा पोह्यांच्या बशा हातात असतानाच याने मुलाच्या वडिलांना विचारलं, "आपण गाडीत तेल कुठलं घालता?" ते बिचारे म्हणाले, "मेकॅनिक घालेल ते." सुधीर उठून स्वयंपाकघरात आला आणि माझ्या कानात म्हणाला, "ताई, माणसं पातळ आहेत." ते स्थळ जमलं नाही.

पातळ ही त्याची शिवी होती. पुढारी पातळ, मालिका पातळ, माझ्या हातचा चहासुद्धा पातळ. त्याचा मुलगा ओंकार खराडीला नोकरीला लागला आणि त्याने कार घेतली. कारसाठी आणलेल्या महागड्या तेलातलं उरलेलं तेल त्याने एकदा बापाला न सांगता मोटरसायकलमध्ये घातलं. बिचाऱ्याला वाटलं, चांगलं तेल आहे, बाबा खूश होतील. सासवडहून येताना दिवे घाटात क्लच घसरायला लागला आणि सुधीरच्या पँटवर तेलाचे डाग पडले. घरी आल्यावर तो ओंकारला ओरडला नाही. पँट दोरीवर वाळत घातली आणि आल्यागेल्याला दाखवली. त्या दिवसापासून त्या घरात त्याच्याशी कोणी वाद घालेना. तेलाच्या बाबतीत तो बरोबर होता, आणि सगळा घात तिथेच झाला.

गेल्या वर्षी सुधीरच्या छातीत दुखलं. अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि त्यातली एक बोट ठेवून दाखवली. "ही रक्त पातळ करायची गोळी. मला विचारल्याशिवाय एक दिवससुद्धा बंद करायची नाही, नाहीतर स्टेंटमध्ये गुठळी होईल." मी तिथे होते. पातळ हा शब्द ऐकल्यावर सुधीरच्या कपाळावर आठी पडलेली मी पाहिली. काही महिने त्याने गोळी घेतली. मग एकदा गाडी पुसताना इंजिनाच्या पत्र्याला त्याचं बोट कापलं आणि रक्त लवकर थांबेना. थांबणार कसं? अशा गोळीने ते होतंच. पण आमच्या विद्वानाने त्या रात्री जेवताना सगळ्यांसमोर बोट धरून निदान केलं, "बघा, गळायला लागलं. जुन्या इंजिनाला पातळ चालत नाही." जेवायला बसलेले सगळे हसले. मी हसले नाही. मी म्हटलं, "सुध्या, तू माणूस आहेस, मोटरसायकल नाहीस. उद्या डॉक्टरांना फोन कर." तो म्हणाला, "ताई, तुझा चहा पितो ना, तेवढं पातळ बास." पुन्हा सगळे हसले. फोन त्याने केला नाही. गोळी मात्र बंद केली, आणि घरात म्हणाला की डॉक्टरांनीच थांबवायला सांगितलंय. नंदाला हे कळलं ते तो गेल्यावर, हॉस्पिटलमध्ये डॉक्टर तिला गोळ्यांबद्दल विचारत होते तेव्हा.

शोकसभेत त्याच्या कट्ट्यावरच्या एका मित्राने तेच जुन्या इंजिनाचं वाक्य सांगितलं. "काय माणूस! शेवटपर्यंत विनोदबुद्धी शाबूत." लोक ओल्या डोळ्यांनी हसले. कोणी म्हणालं, आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान. मग कट्ट्याच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला, भोवती फुलं आणि खाली तेच वाक्य. मला तो फोन भिंतीवर आपटावासा वाटला. ज्या वाक्याने माणूस मारला त्याला हार घालता? पण खरा कहर पुढे झाला. आमच्या ह्यांनाही तीच गोळी आहे. मागच्या आठवड्यात रात्री जेवण झाल्यावर ह्यांनी गोळी हातात घेतली, जरा पाहिली आणि बाजूला ठेवली. "राहू दे गं आज. सुधीर म्हणायचा ना, जुन्या इंजिनाला..." वाक्य पुरं व्हायच्या आत मी अशी काही ओरडले की शेजारच्यांनी बेल वाजवली. ह्यांनी गोळी घेतली, पण चेहरा असा केला की जणू मी अगदी विनोद न कळणारी बाई आहे. तेव्हापासून मला झोप नाही.

परवा ओंकारचा फोन आला. "आत्या, गाडी तशीच रिकामी उभी आहे. बाबांनी आणलेलं तेल भरू का? तू ये ना." हे आणि मी, आम्ही दोघं गेलो. त्याने बोल्ट लावला, डबा उघडला, तेल ओतलं. मधासारखं सावकाश उतरत होतं. मग त्याने किक मारायला सुरुवात केली. बऱ्याच किका झाल्यावर गाडी चालू झाली. धूर नाही, गळती नाही, आवाज अगदी ठणठणीत. हे कौतुकाने म्हणाले, "बघ, सुधीरचं खरं होतं."

मला काय झालं ते माहीत नाही. मी त्या रिकाम्या सीटकडे बघून ओरडले, "गाडीचं खरं होतं रे! गाडीचं! गोळी का नाही घेतलीस, सुध्या?" वरच्या गॅलऱ्यांतून लोक वाकून बघायला लागले. ओंकारने गाडी बंद केली आणि तो पायरीवर बसून रडायला लागला, लहानपणी रडायचा तसा. थोड्या वेळाने ह्यांनी माझ्यापुढे हात केला. "पर्समध्ये आहे ना गोळी? दे." कालची त्यांनी माझी नजर चुकवून टाकून दिली होती, हे तेव्हा त्यांनीच सांगितलं.

आता रोज रात्री मी ह्यांच्यासमोर उभी राहते. ते गोळी गिळतात, मी तोंड उघडून दाखवायला सांगते. पासष्टी उलटलेला माणूस निमूटपणे जीभ बाहेर काढतो. आणि रोज त्या वेळी मी मनातल्या मनात सुधीरशी कडाकडा भांडते. जन्मभर प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द त्याचाच असायचा. आता मी बोलत राहते आणि तो काहीच म्हणत नाही... मला पातळसुद्धा म्हणत नाही.