पाठमोऱ्या बाई
कढीपत्त्याच्या फोडणीचा वास आला की मला महाडचं आमचं पाळणाघर आठवतं. शाळा सुटल्यावर आम्ही तिथे थांबायचो. मी सहावीत गेले तशा पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, "आज सगळ्यांचे पोहे तू कर. मी बघणार नाय." आणि खरंच, सुपात मूठभर तांदूळ घेऊन त्या दारात पाठमोऱ्या निवडत बसल्या. मोहरी तडतडली तशी मी दचकून मागे सरले. बाई हलल्या नाहीत. मग मीच पुढे होऊन गॅस बारीक केला. छोट्यांनी ताटल्या चाटूनपुसून विचारलं, "अजून हाय काय गो ताई?" माझे पाय जमिनीवर नव्हते! आज माझी लेक पहिल्यांदा फोडणी घालतेय, मी पाठमोरी बसलेय, आणि आत्ता कळतंय, बाईंचे ते मूठभर तांदूळ माझे पोहे होईपर्यंत निवडून का झाले नव्हते.