आईची पाटली आणि हजार चौसष्ट अंश

ठाण्यातल्या दोन सोनारांनी आईच्या तडकलेल्या पाटलीवर एकच निकाल दिला: मोडीत काढा, आटवा, नवी करा. माझी मोठी बहीण सुधाताई हटून बसली. "आईचं सोनं कुणाकुणाच्या सोन्यात मिसळणार. मग माझ्या हातात काय राहिलं?"

मी म्हटलं, चल कल्याणला, तिथे एक जुना कारागीर आहे. आणि वाटेत तुला भट्टी दाखवतो. ज्याची भीती वाटते ते आधी समजून घ्यावं, हे मी आयुष्यभर व्यासपीठांवरून सांगत आलोय.

शीळफाट्यावरून जाणार असाल तर सकाळी सातच्या आत निघा. नंतर तिथली वाहतूक कोंडी कुणाच्या बापाला ऐकत नाही. कल्याण रस्त्यावरच्या मानपाड्याला उतरलो, नाक्यावर गरम साबुदाणा वडे खाल्ले आणि ओळखीच्या पाटलांच्या ओतकाम कारखान्यात शिरलो. मुशीत जुने ॲल्युमिनियमचे टोप पडत होते.

"काकू, पदर सांभाळा," पाटील म्हणाले. "सहाशे साठला विरघळतंय बघा."

"वितळतंय," मी सुधारलं. "विरघळते ती चहातली साखर."

"अगं बाई, टोपाचा पत्ताच नाही!" ताईने पर्स छातीशी धरली. माझा धडा उलटाच बसला.

पण मी मागे हटणारा नाही. कल्याणच्या रिक्षात तिला सांगत राहिलो: खोबरेल चोवीस अंशाला वितळतं, शिसं तीनशे सत्तावीसला, शुद्ध सोनं हजार चौसष्टला. वितळण्याची ही रेषा मंत्र्याच्या सोन्याला वेगळी आणि मोलकरणीच्या सोन्याला वेगळी नसते. इतका न्याय दुसरीकडे कुठे मिळतो?

"विजू, समोर माईक नाहीये," ताई म्हणाली. रिक्षावाला खुदकन हसला.

दुकानात कारागिरांनी भिंगातून पाटली निरखली. "होईल ताई. फक्त डाग लावावा लागेल."

ताईने पाटली हिसकावलीच. "आईच्या पाटलीला डाग? विजू, ऊठ!"

"अहो, सांधायचा डाग!" त्यांनी तिळाएवढा तुकडा दाखवला. सोन्यात चांदी-तांबं मिसळलेलं. "हा पाटलीच्या आधी वितळतो. हा वाहतो, पाटली जागची हलत नाही."

"आणि पाटलीच वितळली तर?"

"तर चाळीस वर्षं मी फुंकणी उगाच फुंकली."

मी तोंड उघडलं. "तू गप्प बस. मला बघू दे," ताई म्हणाली आणि तिने स्वतःच पाटली त्यांच्या हातात दिली.

ज्योत फिरली. पाटली लालसर झाली. ताईने माझं मनगट आवळलं. तेवढ्यात तो तीळ चकाकला, पाण्यासारखा भेगेत धावला, आणि ज्योत बाजूला झाली. सगळं एका श्वासात.

असं काही सांधायचं असेल तर जरूर जा, पण दुपारी दुकान बंद असतं. आणि काम संपेपर्यंत समोरच बसा.

ठाण्याला परतल्यावर खिडकीपाशी पाहिलं तर सांध्याची फिकट रेघ दिसत होती. पॉलिशने लपेल, मी म्हणालो.

ताईने पाटली हातात चढवली. "राहू दे. तेवढी रेघच त्या कारागिरांची. बाकी सगळी आईची."