कडोदऱ्यावरून उजवीकडे

आम्ही मूळचे खानदेशातले. सुट्टी संपवून गावाहून परतताना बस कडोदऱ्याला पोचली, यंत्रमागांच्या शेड दिसल्या, की आई पिशव्या आवरायला घ्यायची. आमच्या लेखी सुरत कडोदऱ्यालाच सुरू व्हायची. मला विमान चालवतानाही हीच सवय नडली.

नव्वदच्या दशकात मी बडोद्याला विमान चालवायला शिकत होतो. एकदा शिकवणाऱ्या सरांना घेऊन सुरतेला उतरायचं ठरलं. वडील माग चालवायचे. त्यांनी सगळ्या गल्लीला सांगून टाकलं, पोरगा विमान घेऊन येतोय. मीही काही कमी नव्हतो. "नकाशा राहू द्या सर, गाव माझंच आहे," असं ऐटीत बोलून गेलो.

त्या दिवशी जमिनीकडे बघत, खुणा ओळखत उडायचं होतं. तरी विमानतळाच्या हद्दीत शिरलं की टॉवर सांगेल तीच वाट आणि तीच उंची. टॉवरने परवानगी दिली: कामरेजला पोचल्यावर कळवा, तिथून तापी धरून या, दक्षिणेला जाऊ नका, तिकडून दुसरं विमान निघालंय. मी सगळं घडाघडा म्हणून दाखवलं.

तापीचा पूल खालून गेला, कामरेजही गेलं. मी आपला पुढेच बघतोय. मग धुरकट हवेत शेड दिसल्या, महामार्गाला फुटलेला फाटा दिसला, आणि आलं की गाव! "कामरेज," असं छातीठोकपणे कळवून मी उजवीकडे वळलो.

"नदी कुठाय?" सरांनी विचारलं.

नदी केव्हाच मागे पडली होती; मी दक्षिणेला, कडोदऱ्यावरून वळलो होतो. समोरून ते दुसरं विमान आलं, इतकं जवळ की त्याची चाकं दिसली. सरांनी कंट्रोल हिसकावून घेतले आणि विमान एका अंगावर कललं. टॉवरवाल्याने शांतपणे विचारलं, आपण नक्की कुठे आहात? ते सरांनीच सांगितलं.

विमानतळाच्या फाटकाबाहेर टेम्पो भरून गल्ली आली होती. वडील झेंडूचा हार घेऊन पुढे आले, तशी मी मान वाकवली. हार माझ्या डोक्यापर्यंत आणून त्यांनी हौसेने सरांना विचारलं, "लडका बराबर लाया ना, साब?"

सरांना गोड बोलणं जमत नसे. "इसको अपना ही गाँव नहीं मिला," ते म्हणाले. "दूसरे जहाज से टकराते टकराते बचे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील चिडले असते, चारचौघांत कानाखाली वाजवली असती, तर बरं वाटलं असतं.

"हार सायबले घालसू," ते हळूच मला गावच्या बोलीत म्हणाले. "त्याच तुले घर लई उनात."

त्यांनी सरांना हार घातला, पोराला घरी आणलं म्हणून हात जोडले. माझी मान अजून वाकलेलीच होती. ती वर कशी घ्यावी, मला कळेना.