कोपऱ्यातला आकडा

दहावीत गणितानं माझा हात सोडला, तेव्हापासून मी महाराजपुरात लोकांना साइट बनवून देतो. यात किस्से फार जमतात. ऐकणारे दोस्त होते, ते इंदोर-पुण्याला गेले. म्हणून तुम्ही सापडले.

मी बनवलेल्या साइट कोण्या कंपनीच्या सर्व्हरवर नसतात; ज्याची साइट, त्याच्याच फोनात राहते. फोन चालू, तर साइट चालू. दुसऱ्या कोणी ‘ठेवून घ्या’ बटण दाबलं, की त्याच्या फोनातूनही चालते. किती फोनात आहे, तो आकडा कोपऱ्यात दिसते. बस, एवढंच शिकायचं.

*

ग्वारीघाटच्या नाववाल्या भैयाची साइट भर दुपारी गायब. जाऊन पाहतो, तर फोन बंद करून डब्यात ठेवलेला.

“भैया, लोग देखेंगे कैसे?”

“अरे, कोई देखने आएगा तो चालू कर देंगे ना.”

*

गोहलपुरचे टेलर मास्टर त्याहून हुशार. गिऱ्हाईक आलं की म्हणत, “पहले बटन दबाओ, फिर पैंट मिलेगी.” आकडा धडाधड वाढला.

मग मी हळूच त्यांच्या साइटवर टाकलं, ‘कपडे दिलेल्या तारखेलाच मिळतील.’

मास्टर घरी आले. “बेटा, मज़ाक कर, पर इतना बड़ा झूठ मत छाप.”

*

माझीही साइट आहे. सगळ्या खोड्या तिथं लिहितो. दोस्तांच्या ग्रुपवर लिंक टाकली. चार अंगठे आले. आकडा एक. तो मीच.

बाबा म्हणाले, “दिवसभर काय करून राहिला बे?”

“पब्लिशिंग.”

“वाचते कोण?”

मी जेवत राहिलो. कोण्या एकानं ठेवून घेतली असती, तरी मान वर करून बोललो असतो.

*

शेजारचे काका मागच्या वर्षी गेले. मी गच्चीवर चढलो की हेच काका खालून ओरडत. काकूंनी माझ्याकडून साइट बनवून त्यांचे व्हॉइस मेसेज तिच्यावर टाकून घेतले. ‘कोथिंबीर संपली का?’ ‘तो कारटा पुन्हा वर आहे, बघ.’

आकडा कायम दोन.

“काकू, दुसरा कोण?”

त्यांनी टेबलाकडे दाखवलं. काकांचा फोन चार्जिंगला होता.

“तो बंद पडला की एकच दिसतं रे. बरं नाही वाटत.”

निघताना त्यांनी माझ्या साइटची लिंक मागितली. दिली.

दुसऱ्या दिवशी पाहतो, माझ्या कोपऱ्यात दोन.

पळत गेलो. “काकू, तुम्ही ठेवून घेतली?”

“माझ्या फोनात जागा कुठे आहे? यांच्या फोनात ठेवली. तसंही यांचं तुझ्यावर लक्ष असायचंच.”